चिंधी बांधलेली टमाटी

सकाळी बेल वाजली तेव्हा मी गॅलरीत कुंडीपाशी उभी होते. दारात हरेश होता, शेजारच्या हिराकाकींचा मुलगा. “आई गेली,” एवढंच तो म्हणाला आणि पुढे काय सांगायचं होतं ते विसरल्यासारखा तिथेच उभा राहिला. हातातला तांब्या कलला होता आणि पाणी माझ्या पायांवर सांडत होतं, हे मला त्याच्या नजरेवरून कळलं. तो गेल्यावर मी परत गॅलरीत आले आणि उरलेलं पाणी कुंडीत घातलं. टोमॅटोच्या त्या किरकोळ झाडावर एकच फळ होतं, बोराएवढं, हिरवंगार. त्याच्या देठाला हिराकाकींनी आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती. ते फळ पिकेपर्यंत सांभाळायचं आणि त्याचं बी धरायचं, एवढं एकच काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं... काकी गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील.

करंजाडेतल्या आमच्या इमारतीत त्या सात वर्षांपूर्वी आल्या. नेरे या आपल्या गावातलं घर आणि घरामागचा मळा सोडून त्या मुलाच्या संसारात दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. मी तेव्हा नुकतीच कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते, आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नसतं याची मला सवय होऊ लागली होती. पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी आवाज चढलेला ऐकला. एक ठेंगणी म्हातारी मातीने भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन उभी, आणि आमचे सेक्रेटरी लिफ्टच्या दारात हात आडवा धरून. “आजी, लिफ्टमधून माती न्यायची नाही.” म्हातारीने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. “माती नाय रं, जमीन हाय माजी. येवढीच राह्यली.” सेक्रेटरींनी हात काढला आणि मुकाट्याने दोन नंबरचं बटण दाबून दिलं.

त्याच मातीत आठवड्याभरात कोंब वर आले. बारकी टमाटी, त्या म्हणत. नेऱ्याला न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडे, तिथे ती दरवर्षी आपोआप उगवायची. पण मूळ बी काकींच्या माहेरचं. लग्नात आईने पदराच्या टोकाला गाठ मारून दिलेलं. मी एकदा मॉलमधून चकचकीत डबीतले छोटे टोमॅटो आणले. काकींनी एक तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. “दिसाला बरी हाय. चवीला नुसतं पानी.” मी म्हटलं, “काकी, यांना चेरी टोमॅटो म्हणतात.” “म्हनू दे. येवढा शिनगार केल्यावर काय तरी म्हनायलाच लागंल.” त्यांची टमाटी आधी आंबट लागायची, मग गोड, आणि शेवटी जिभेवर थोडा मातीचा वास राहायचा. तो वास मला अजून कधीकधी दुपारी, वाचता वाचता डोळा लागला की येतो.

मी पुस्तकात वाचून त्यांना सांगायची, की पानांच्या बगलेतले फुटवे खुडावेत, म्हणजे फळ मोठं धरतं. “पोरांचं हात छाटतं का कोनी?” असं म्हणून त्या तेच फुटवे कपड्यांच्या दोरीवर हळूच चढवून द्यायच्या. पाणी फक्त सकाळी, आणि तेही बुंध्याशी. फुलं आली की बाळाच्या गालाला लावावं तसं प्रत्येक घोसाला बोट लावून हलवायच्या. “हितं मधमाशी नाय ना येत, बाय. मंग आपनच व्हायचं.” मला त्या ‘बाय’ म्हणत. माझ्या नावाने मला हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, पण ‘बाय’ ही हाक गेल्याचं जितकं जाणवतं तितकं दुसरं काही जाणवत नाही.

दुसऱ्या घोसातलं सगळ्यात चांगलं फळ त्या बियासाठी राखायच्या. त्याला लाल चिंधी बांधली की घरातलं कुणीही त्याला हात लावायचं नाही. पार मऊ झालं की ते वाटीभर पाण्यात कुस्करून दोन दिवस ठेवायचं, वरचा फेस काढायचा, आणि धुतलेलं बी कागदावर वाळवायचं. वर्तमानपत्राला ते चिकटून बसे, म्हणून मी त्यांना ग्रंथालयातली जुनी तालिकापत्रं दिली. पुस्तकांच्या नोंदींची ती जाड कार्डं, आणि ती ठेवायचा लाकडी खण, संगणक आल्यावर हे सगळं रद्दीत निघालं, तेव्हा मी ते घरी आणलं होतं. बी वाळलेली कार्डंही मग त्याच खणात, माझ्याकडे राहू लागली. प्रत्येक कार्डावर मी नोंद करायची : टोमॅटो, बारका. ठिकाण नेरे. राखणार हिराबाई. काकींना वाचता येत नसे. दरवर्षी त्या मला ते तीन-तीनदा वाचायला लावायच्या, आणि शेवटच्या शब्दाला मान डोलवायच्या.

त्यांची एकच सवय मला खटकायची. तडकलेली, किडकी फळं त्या सरळ गॅलरीतून खाली टाकत. खालून सेक्रेटरी ओरडत, “कोण टाकतंय वरून?” काकी पटकन एक पाऊल मागे घेऊन म्हणत, “मी नाय. कावला!” आणि पदर तोंडाला लावून हसत. मी रागवायची. “काकी, कचऱ्याचा डबा आहे ना? आणि वर खोटं कशाला बोलता?” त्या म्हणत, “तू तुजी पुस्तकां वाच.”

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मला खणात कसर दिसली. कागद खाणारे ते रुपेरी किडे. तीस वर्षं जे करत आले तेच हातून झालं. खणाच्या चारी कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि खण घट्ट लावून घेतला. गणपतीनंतर काकींनी बी टाकलं, काहीच उगवलं नाही. दिवाळीनंतर होतं नव्हतं ते सगळं टाकलं. माती तशीच गप्प. मग एक दिवस त्या स्वतः खण उघडायला आल्या आणि वासाने मागे सरल्या. “बाय, ह्यो वास कसला?” मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, बराच वेळ त्या रिकाम्या कार्डांवर हात फिरवत राहिल्या. “तुज्या पुस्तकांना कीड नाय लागली,” त्या शांतपणे म्हणाल्या, “माज्या बियाला तू लागलीस.”

चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मीच रिक्षा बोलावली आणि न्हाणीपाशी एखादं रोप उरलं असेल या आशेने त्यांना नेऱ्याला घेऊन गेले. जुन्या घराच्या जागी कुणाचं तरी फार्महाऊस होतं. न्हाणीच्या जागेवर कापलेलं गवत होतं, गालिच्यासारखं, आणि त्यावर पाण्याचे बारीक फवारे गोल गोल फिरत होते. कुंपणाला धरून काकी त्या फवाऱ्यांकडे पाहत राहिल्या. येताना एवढंच म्हणाल्या, “पानी तर हाय अजून तिथं...”

जानेवारीत एका सकाळी मी दूध घेऊन येत होते. आमच्या गॅलऱ्यांच्या बरोबर खाली, जिथे ए.सी.चं पाणी ठिबकतं तिथे, भिंत आणि फरशी यांच्या फटीत वीतभर रोप दिसलं. पान चुरगळून बोटं नाकाशी नेली... आणि दुधाची पिशवी तिथेच ठेवून वर धावले. काकी अनवाणीच खाली आल्या. उकिडव्या बसल्या, रोपाला हात लावला नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी साधा. “बग. कावल्यानं लावली.”

ते रोप आम्ही चमच्याने माती उकरून काढलं आणि कुंडीत लावलं. कुंडी माझ्याकडे ठेवायची असं त्यांनीच ठरवलं. “सकालचं ऊन तुज्याकडं येतं. आनि पाप बी तुजंच हाय, मंग फेड.” पण जागा बदललेली, त्यात ऊन लवकर तापलेलं. फुलं येत आणि गळून जात. काकी रोज येऊन बोट लावायच्या. अखेर एकच फळ धरलं. ते हरभऱ्याएवढं झालं तेव्हा त्यांनी चिंधी बांधली, आणि त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

मी भेटायला गेले तेव्हा त्या नळ्यांच्या जंजाळात अगदी लहान दिसत होत्या. “पिकली?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “नाही अजून. हिरवीच आहे.” “घाई नको करू. बोटाला मऊ लागंल तवाच.” थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिल्या. मला वाटलं, झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, “आनि बाय... गोल्या नको घालू.” त्यांचे खांदे हलले. त्या हसत होत्या. मीही हसले, आणि तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्यांच्या तेराव्यानंतर फळाचा रंग फिरू लागला. आधी पिवळसर, मग केशरी. ते दिवस मी कसे काढले हे नीट सांगता येणार नाही. पुस्तक उघडं असायचं, पान उलटलेलं नसायचं, आणि मी गॅलरीत जाऊन फळाला बोट लावून यायची. एका सकाळी ते मऊ लागलं. चिंधी सोडली, फळ दोन भागांत उघडलं. एका भागाचं बी त्यांच्या पद्धतीने काढून कार्डावर वाळवलं. नोंद करताना ‘राखणार’ या शब्दापाशी हात थांबला, मग मी तेच नाव लिहिलं. ते कार्ड खणात ठेवलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीत, उघड्या ताटलीत आहे, शेजारी लाल चिंधी.

दुसरा भाग तसाच, रसासकट, हातात होता. मी गॅलरीच्या कठड्याशी गेले. खाली भिंतीपाशी पाणी ठिबकत होतं, फरशीवर ओला काळसर डाग होता. मी वाकून हात सोडला.

“कोण टाकतंय वरून?” सेक्रेटरी खालीच होते.

मी एक पाऊल मागे घेतलं. आयुष्यात शिस्तीने वागलेली मी, माझा आवाज मला अनोळखी वाटला. “मी नाय. कावला!”

पाणी तेवढं ठिबकत राहिलं. मग सेक्रेटरी हळूच म्हणाले, “बरं.”