मुरबाडच्या जीपचा दोर

भूत-बित मी मानत नाही. आजही नाही. त्यामुळे खाली "घाबरला असाल, भास झाला असेल" असल्या कमेंट टाकणाऱ्यांनी आत्ताच वाटेला लागावं. मी डोळखांबच्या वरच्या पाड्यावर राहतो. हे भरदुपारी घडलंय, आणि सोबत माझे वडील आणि बायको होती.

आमचं पहिलं मूल रस्त्यातच गेलं. बायकोला झोळीतून खाली उतरवत होतो... असो. दुसऱ्या वेळी तिला आठवा लागला तसा मी हट्टानं जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली, मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्याकडून. सगळे त्याला तात्या म्हणतात. ट्रायलला गाडी अगदी गप्प. आठवडाभरात मागच्या चाकांमधली गिअरपेटी, म्हणजे डिफरन्शियल, अशी ओरडायला लागली की रस्त्यातली गुरं बुजायची. शहापूरच्या मेकॅनिकनं ऑइल काढलं, तर त्यातून लाकडाचा भुसा निघाला! झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायला म्हाताऱ्यानं भुसा भरला होता.

माझी सटकली. तडक मुरबाड गाठलं, त्याच्या अंगणात उभा राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "चुकलं माझं. पन गाडीत मागं माझा दोर राहिलाय. तेवढा दे."

"फसवलंस, नि वर दोर मागतोस? जाळून टाकीन, पन देनार नाय!"

घरी सांगितलं तर बाबा माझ्यावरच उखडले. "अरे, बैल इकला तरी दावं जुना धनीच ठेवून घेतो. आपन आपलं दावं न्यायचं. त्याचा दोर त्याला देऊन टाक."

"जीपला काय शिंगं फुटलीत, बाबा?" मी हसलो आणि दोर मागच्या सीटखाली कोंबला.

मेकॅनिकनं मागचे गिअर काढले, इंजिनातून मागच्या चाकांना जोर देणारा शाफ्टही काढला. नवे यायला चार दिवस लागणार होते. "तोपर्यंत पुढच्या चाकांवर चालव. मागं आता कायच नाय, आवाज कुठून येनार?"

बाबांना घेऊन परतताना डोळखांबच्या चढाला लागलो. तोच आवाज, मागूनच! उतरून खाली वाकून बघितलं — शाफ्टची जागा मोकळी. बाबांच्या हातात स्टिअरिंग देऊन गाडी पुढे घ्यायला लावली, मेकॅनिकला फोन लावला आणि मोबाइल मागच्या चाकाशी धरला. "दुसरी गाडी असेल कुनाची," म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. मागे ती, तिच्याजवळ बाबा. पाड्याखालच्या उतारावर सायकलसुद्धा पायडल न मारता पळते. तिथे अर्ध्यात जीप थांबली. ब्रेक सोडला, न्यूट्रल केली — हलेना! पहिला टाकला. पुढची चाकं माती उडवतायत, आणि गाडी चालली मागे. इंच-इंच, चढावर! आणि मागून तो आवाज.

"मला उतरवा," बायको ओरडली. "झोळी आना!"

मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होतो, तात्याला शिव्या घालत होतो. खरं सांगतो, रडत होतो. बाबांनी सीटखालून दोर ओढला, खांद्यावर टाकला आणि उतरले.

"मी नेऊन देतो रे त्याचा त्याला. तू जा."

त्यांचे पाय जमिनीला लागले आणि गाडी सुटली. अशी सुटली की ब्रेक दाबावा लागला.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाबा मिळेल त्या गाडीनं मुरबाडला जाऊन दोर देऊन आले. नवे गिअर बसले, जीप गप्प आहे.

"बाबांचं वजन कमी झालं म्हणून सुटली," असं सांगणारे शहाणे भेटले. वजन कमी झालं की उतारावर गाडी सुटते हे कुठल्या शाळेत शिकवतात?

काढलेल्या गिअरचा आवाज कसा आला, मला माहीत नाही. बायको ते विचारतही नाही. एकदा मुलीला पाजता पाजता एवढंच म्हणाली, "दोरच होता ना. द्यायला काय झालं होतं तुमाला?"