जलराक्षसाची पोथी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं. पत्रकं होती. वडील शाळामास्तर. पोलीस ॲक्शनच्या आधी त्यांनी निजामाविरुद्धची पत्रकं सदऱ्याखाली लपवून वाटली होती. पुढे सरकार बदललं, पत्रकं काढणं काही थांबलं नाही. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या ओल्या शाईवरच. "पत्रक माणसाला जागं करतं, कादंबरी झोपवते," असं ते म्हणायचे आणि मी ते वर्गात मैत्रिणींना ठणकावून सांगायचे.

त्यातल्याच एकीनं मला एक जाडजूड, मुखपृष्ठ फाटलेली कादंबरी दिली. एक जलराक्षस नदीकाठची गावं एकामागून एक गिळत जातो, एवढीच गोष्ट. मी तेव्हा बारा वर्षांची. गच्चीवर बसून वाचायला लागले आणि झोपच उडाली. पत्रकांत माणसं हजारांनी मरायची, मला संताप यायचा. इथे कुंभाराची एक मुलगी एकटी बुडाली आणि मला घास गिळेना. मोरीत नळ सोडला तरी दचकायचे. कारण ती नदी माझ्या ओळखीची होती. आईचं माहेर पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर होतं, आणि धरणाची भिंत पुरी झाली होती.

शाळा बुडवून आई मला गावी घेऊन गेली. वडीलही आले. निम्मं गाव उठलं होतं. चौकटी उपटून नेलेली घरं तोंड वासून उभी होती. धरणात साठलेल्या पाण्याचा फुगवटा इथवर येणार, असं अधिकारी सांगून गेले होते. मामानं गाडी भरली होती. आबा, म्हणजे आईचे वडील, हलायला तयार नव्हते. जन्मभर याच काठानं त्यांनी मेंढरं चारली होती.

वडिलांनी त्यांना पत्रक वाचून दाखवलं. उंचावर चला, मोबदल्यासाठी एकजुटीनं लढा. आबांनी नीट ऐकलं. "चांगलं लिवलंय, जावईबापू," म्हणाले आणि घडी करून फेट्यात खोचलं.

मग त्यांची नजर मी सोबत आणलेल्या कादंबरीवर गेली.

"ही पोथी वाच की गं माय."

"पोथी नाही आबा. खोटी गोष्ट आहे."

"छापलेलं खोटं कसं असंल? तुजा बाप तर सगळं छापूनच आनतो."

आबांनी हातपाय धुतले, पुस्तक पाटावर ठेवलं, कुंकू वाहिलं. उरलेलं गाव रोज दुपारी जमायला लागलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "ह्या पोथीत देवच नाय की!"

"राक्षस हाय ना? मंग देव मागून येतच असतो," आबा म्हणाले.

मामा चिडायचा. "बाबा, सरकार काय तुमची पोथी सरायची वाट बघत बसंल व्हय?"

"पोथी अर्धी सोडून उठायचं नसतं. काय म्हनती ते ऐकू, मंग ठरवू."

मी वाचत होते आणि खाली पाणी येत होतं. नदीला पूर येतो तसं नाही. आवाज नाही, ओढ नाही. ते वाहत नव्हतं, चढत होतं.

शेवटचं प्रकरण आलं. त्यात एक म्हातारा मेंढपाळ वेशीवर काठी रोवतो आणि जलराक्षस तिथून मागे फिरतो. गच्चीवर ते पान वाचून मी आनंदानं रडले होते. आता वर पाहिलं तर आबांनी आधीच काठी हातात घेतली होती. हे पान जसंच्या तसं वाचलं तर हा माणूस इथून उठणार नव्हता. ज्यानं ते लिहिलं, त्याच्या गावात धरण आलं नसावं. मला अजून त्याचा राग येतो.

मामा माझ्या मागेच उभा होता. चौथीपर्यंत शिकलेला. मी पानावरची नजर न हलवता वाचलं, "मेंढपाळानं काठी रोवली. पाणी आलं. ते थांबलं नाही."

"थांबलं नाय?"

"नाही, आबा."

"आन् देव?"

"आला नाही."

आबा काठीच्या टोकाकडे बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग त्या गड्यानं काय केलं?"

"मेंढरं घेऊन माळावर गेला."

"शाना हाय," ते म्हणाले. पुस्तकाला हात जोडून उठले आणि मेंढरांच्या वाडग्याचं दार उघडायला गेले.

माळाच्या वाटेवर मामा माझ्याजवळ आला. "तसं लिवलेलं नव्हतं त्यात. म्या बघितलं."

"हो."

मामानं वळून पाहिलं. खाली पाणी पाराला टेकलं होतं. "असं काठीनं पानी थांबवनाऱ्याला धरनावर नोकरीला ठेवाया पायजे व्हतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो नाही. पुढे आबा भेटेल त्याला सांगत चालले होते, "चला रे, पोथीत लिवलंय. थांबत नसतं ते."