फुली म्हणजे होकार नव्हे

"गिळला रे, सगळा डाव गिळला तुझ्या पेटीनं! मेल्या, धाव!"

काकूची ही आरोळी इतकी जबर, की आमच्या गावच्या महामहम तळ्याच्या पलीकडच्या काठावर दाढी करून घेणाऱ्याचा गाल कापला. आजवर सतरा जणांना मी हे सांगितलंय, एकानंही शंका घेतली नाही.

पेटी म्हणजे ओसरीवरचा कॉम्प्युटर आणि डाव म्हणजे पल्लांगुळी. इथल्या घराघरांत असते तीच : लाकडी पाट, चौदा खळगे आणि चिंचोके. ती मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून काका-काकूंना दिली होती, कारण दोन महिने दोघांचं बोलणं बंद होतं. चोळपुरमच्या लग्नात तिथल्या आचाऱ्याचं सांबार ओरपून काकांनी भर पंगतीत जाहीर केलं, "सांबार असं असतं!" सांबार आपल्याच पूर्वजांच्या चुलीवर जन्मलं असं तीनशे वर्षं सांगत आलेली आम्ही तंजावरी मराठी माणसं. पूर्वी एवढ्यावर हद्दपारी झाली असती, काकूनं मौनावर भागवलं.

लाकडी पाटावर समोरासमोर बसावं लागतं. कॉम्प्युटरवर ती अडचण नाही. सकाळी काका एक खेळी करून केळीची पानं आणायला जात, दुपारी काकू हात पुसून आपली खेळी करी. एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. "थेरड्यानं सापळा लावलाय," असं पडद्याला सांगून तिला हसताना मी पाहिलंय.

त्या दुपारी तिचं बोट चुकून 'नवा डाव'वर पडलं. चौकट उघडली : चालू डाव मोडायचा का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. आता, माझ्या काकूनं उभ्या जन्मात कुणाला हो किंवा नाही म्हटलेलं नाही. लग्नाचं विचारायला मंडळी आली तेव्हाही ती नुसती उठून आत गेली, आणि चाळीस वर्षं झाली, काका अजून उत्तराची वाट पाहताहेत. चौकटीलाही तिनं तोच न्याय लावला. कोपऱ्यातली फुली दाबली, विषय संपला.

संपला तो डाव. उत्तर 'नाही' आहे का, एवढंच मी तपासलं होतं. नसेल तर मोडून टाक! फुली दाबली की जावा हो-नाहीपेक्षा वेगळाच, उणे एक असा आकडा पाठवते, हे मला, गावातल्या सर्वश्रेष्ठ प्रोग्रामरला, पाहावंसंही वाटलं नव्हतं. जुन्या डावावर नवा कोरा डाव साठवलासुद्धा गेला होता.

"मी काही म्हटलंच नव्हतं रे," काकू म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "त्यांना वाटेल, मीच मोडला."

ती स्वयंपाकघरात गेली. मी चार मिनिटांत दुरुस्ती केली : 'हो' म्हटलं तरच मोडायचं, बाकी काहीही केलं तरी डाव जिथल्या तिथे.

काका आले. कोरा पट पाहून हातातली पिशवी टेकवायचंही विसरले.

"काका, तिनं नाही मोडला. चूक माझी." मी सगळं सांगितलं.

ते खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले. आपले सात खळगे, दोघांनी जिंकलेले चिंचोके, मग तिचे खळगे. स्मरणशक्ती अशी, की देवळातला हत्ती यांच्याकडे शिकवणीला यावा. मी भराभर आकडे भरत होतो. तिच्या तिसऱ्या खळग्यापाशी मात्र ते थांबले.

"तिसऱ्यात किती होते रे?"

"मला काय विचारता? मालकीण आत आहे."

काकांनी तीनदा घसा खाकरला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, तुझ्या तिसऱ्या खळग्यात किती होते?"

आत कॉफी वरखाली ओतायचा आवाज चालला होता, तो थांबला.

"बारा."

मी बारा भरले, तिचे पुढचे चार खळगे काकांनी घडाघडा सांगितले. एकूण चिंचोके सत्तरच असतात, झाले अठ्ठ्याहत्तर. मी काकांच्या कानाशी लागलो. "आठ जास्त होताहेत, काका. काकूच्या तिसऱ्यात चारच असणार."

"माझ्यातले आठ कमी कर."