मुडद्याचा खेळ

बापीचा एक हात पाण्याच्या वर होता. बाकी बापी दिसत नव्हता.

मी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, खाली धावले तेव्हा हे असं होतं. काठापासून चार-पाच हात आत, शिंगाड्याच्या वेलांत, तो हात वर यायचा, पाण्यावर आपटायचा आणि खाली जायचा. मध्येच तोंड वर आलं. त्यात पाणी होतं, आवाज नव्हता. बुडणारं माणूस ओरडत नाही. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे खरं वाटत नाही.

बापी आठ वर्षांचा. त्याला आणि आणखी सहा पोरांना शाळा सुटल्यापासून फॅक्टरीचा भोंगा होईपर्यंत सांभाळायचं, हे माझं काम होतं.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. जवाहरनगरच्या क्वार्टरांमध्ये ज्या घरी आई-बाप दोघंही ड्यूटीवर, तिथली पोरं माझ्याकडे. शाळा दुपारी सुटायची, भोंगा पाचला. मधल्या वेळात सात पोरं आणि एक व्हरांडा. कॉलनीत टीव्ही आलेला नव्हता. लोकांना वाटतं, पोरं सांभाळायची म्हणजे खाऊ घालायचं आणि नाक पुसायचं. त्याला अर्धा तास पुरतो. उरलेले चार तास त्यांना कशात गुंतवायचं, ते खरं काम.

मी चौथी शिकलेली. पाढे घ्यायची, त्यापुढचा अभ्यास मला येत नव्हता. बाकी माझ्याजवळ होतं ते कोंढ्याचं, माझ्या माहेरगावचं. आम्ही ढिवर. माझा बाप गावच्या तलावात मासे धरायचा आणि शिंगाडा लावायचा. शिंगाड्याचे वेल पाण्याखाली दोरांसारखे लोंबतात. त्यांत अडकून पाय झाडले की ते जास्तच आवळतात. म्हणून आमच्याकडे पोर पोहायला शिकायच्या आधी मुडदा व्हायला शिकतं. उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं, दम धरायचा, बोटसुद्धा हलवायचं नाही. सोडवणाऱ्याने वेल ओढायचा नाही. पायमोजा काढतात तसा खाली सरकवायचा. आणि मागे सगळ्यांनी एकमेकांचं मनगट धरून उभं राहायचं. बोटं धरायची नाहीत, ओली बोटं सुटतात.

हाच खेळ मी व्हरांड्यात लावून दिला. एकाला आडवं पाडायचं, पायांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि काथ्याची दोरी गुंडाळायची आणि ओरडायचं, "मुडदा हो!" हलला तो बाद. मी दहा खेळ लावून पाहिले होते, बाकीचे पंधरा मिनिटांत संपायचे. हा तासभर चालायचा. आणि त्यातला एक तरी गडी गप्प पडून असायचा, हा माझा फायदा.

खेळाची मुकादम शोभा. अकरा वर्षांची, शहापूरच्या फिटरची पोरगी. आवाज मोठा, भीड नाही. "ए गोट्या, हे काय पाय बांधून राहिला का वेणी घालून राहिला? नीट गुंडाळ!" असं तिचं बोलणं. दोरी सरकवण्यात तिचा हात असा होता की पडलेल्या पोराला कळायचंसुद्धा नाही.

एक दिवस बापीची आई लवकर आली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. बंगाली बाई, साडीला नेहमी इस्त्री. व्हरांड्यात तिचा मुलगा डोळे मिटून पडलेला, पाय बांधलेले, भोवती पोरं ओरडताहेत, मुडदा, मुडदा.

"मावशी! ये क्या है? बच्चे को मरना सिखाती हो?"

"खेळून राहिले बाई."

"इतना अशुभ खेल! मेरा एक ही लडका है. कल से इसको मुर्दा नहीं बनाना."

"नाही बनवत," मी म्हटलं. पोर तिचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बापी पायरीवर बसला. रिकामं बसलेलं पोर म्हणजे भांडण. म्हणून मी त्याला मोजणीचं काम दिलं. मुडदा किती वेळ पडून राहतो ते मोठ्याने मोजायचं. त्याने ते काम असं घेतलं, जसं काही त्याच्याच अंकांवर फॅक्टरीचा भोंगा वाजणार होता. कोणाचा अंगठा हलला तर तो आधी त्याला दिसायचा.

शनिवारी मी सगळ्यांना कॉलनीबाहेरच्या तलावावर नेलं. माझा चुलतभाऊ गणपत तिथे डोंग्यात बसून शिंगाडा काढत होता. डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली लहान होडी. बापीला नुसतं मोजायला लावण्यापेक्षा सगळ्यांना एकदम काहीतरी मिळावं, म्हणून नेलं. पाळीवर पोरांना ओळीने बसवलं, "खाली उतराल तर तंगडी तोडीन" सांगितलं आणि पाळीच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर शिंगाडे उकडायला ठेवले. लाकडं ओली होती. मी फुंकायला वाकले.

पाण्याजवळ पोरं असताना पाठ फिरवायची नाही. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी फिरवली.

बापीला काठाजवळ लाल शिंगाडा दिसला. तो उतरला. दोन पावलं गुडघाभर पाणी, तिसऱ्याला तळ नाही. पाळीला माती घालण्यासाठी तिथे खोल खणलेलं होतं.

शोभाचा आवाज ऐकून मी पोचले तेव्हा ती छातीभर पाण्यात होती. तिच्या मागे दोन पोरं, मनगटाला मनगट. उरलेली काठावर, तशीच धरलेली. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या वेळेपर्यंत चुलीजवळ होते.

शोभा ओरडत होती. रडत नव्हती, दटावत होती.

"बापी! पाय नोको झाडू! मुडदा हो! अरे मुडदा हो नं!"

मी कमरेपर्यंत उतरले आणि मागच्या पोराचं मनगट धरलं. त्याहून पुढे गेले नाही. माझं नऊवारी लुगडं वेलांत गेलं असतं तर सोडवायला दोन मुडदे झाले असते. त्या वेळी मी केलेलं शहाणपणाचं काम एवढंच.

हात पाण्यावर आपटायचा थांबला.

मला वाटलं, गेला.

मग बापीचं पोट वर आलं. मग छाती, मग तोंड. डोळे घट्ट मिटलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, अंग फडक्यासारखं सैल. आठ दिवस ज्याला खेळू दिलं नव्हतं, त्याने एकदाही चूक न करता मुडदा केला होता. शोभाने श्वास घेतला, पाण्याखाली वाकून एका हाताने त्याच्या पायांजवळ चाचपडलं आणि वेल खाली सरकवला. एक. मग दुसरा. दुसऱ्याला वेळ लागला. तिच्या हातात शिंगाड्याचे काटे गेले होते. ते मला नंतर दिसले, तिने सांगितलं नाही.

"ओढा!" ती म्हणाली. आम्ही ओढलं.

काठावर बापीने पाणी ओकलं आणि पहिलं बोलला ते असं, "इकतीस."

"काय रे?"

"मोजत होतो. इकतीसपर्यंत आलं होतं."

तेवढ्यात गणपत डोंगा हाणत पोचला. धापा टाकत म्हणाला, "बाई, मी काय करू?"

"शिंगाडे काढ," मी म्हटलं.

भोंगा झाल्यावर मी स्वतः बापीला घेऊन त्याच्या क्वार्टरवर गेले. दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगावं म्हणून. जसं झालं तसं सांगितलं. आईने पोराला आधी उराशी धरलं, मग एक लगावली, मग पुन्हा धरलं.

"इसको वो खेल फिर किसने खिलाया? मैंने तो मना किया था."

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मैं गिनता था ना माँ," बापी म्हणाला. "सब देखता था."

तिने त्याच्या पायांवरचे वेलाचे वळ पाहिले. मग म्हणाली, "और आप कहाँ थी?"

"चुलीजवळ. पाठ फिरवून."

मला वाटलं, काम गेलं. जायलाच हवं होतं. पण सोमवारी ती ड्यूटीला जायच्या आधी शोभाच्या घरी गेली, तिच्या हाताला मलम लावलं. दुपारी लंचच्या सुट्टीत माझ्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज इसको लिटाओ. मैं देखूँगी."

शोभाने दोरी घेतली. "बाई, तुम्ही जरा बाजूले सरका, उजेड अडून राहिला." बाई सरकली. बापी पडला. बाराव्या अंकाला त्याला हसू आलं आणि तो बाद झाला. बाई पदर तोंडावर धरून पाठ करून उभी राहिली.

त्यानंतर मी पुढे बरीच वर्षं पोरं सांभाळली. पाण्याच्या जवळ पुन्हा एकदाही नेली नाहीत, आणि खेळ बंद केला नाही. बाजूला बसवलेलं पोर काही करत नाही असं समजू नये. ते सगळं घेत असतं.

त्या शनिवारी तलावात आम्ही पाच जण उतरलो होतो. बापी, शोभा, तिच्या मागची दोन पोरं आणि मी. पाचही जण जगलो.