गोठ्यातला सदरा

शहाद्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्या दिवशी वर्गात गोरिला होता. दाट जंगलात नजर पोचत नाही, तिथे कळपाला मोठ्या नराचा वास कळतो. परका नर जवळ आला की तो वास उग्र होतो. सगळं शांत असलं की येतो न येतो. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, आमनी खोलीमा बी एक शे." पोरं हसली. मी पुढे शिकवत गेलो. वडिलांचं तेरावं नुकतंच झालं होतं. हसू येत नव्हतं, रडूही आलं नव्हतं.

घरी म्हैस अडून बसली होती. तिचं दूध फक्त वडील काढायचे. आता पारडू लावलं तरी ती पान्हा सोडेना. आई बसली, मी बसलो, दोघांनीही लाथ खाल्ली. काकांनी व्यापाऱ्याला सांगूनही ठेवलं. मला म्हणाले, "ईकी टाक, भाऊ. तुन्हा आंगले साबणना वास. तुले गोठा कसाले?" व्यापारी आला की आई घरात निघून जायची. म्हैस तिला विकायची नव्हती.

वडिलांचे कपडे दहाव्यालाच देऊन टाकले होते. एक सदरा राहिला होता, गोठ्यातल्या खुंटीवर. दूध काढताना ते तोच घालायचे, आणि तो कधी धूत नसत. घाम, सरकीची ढेप, विडी, सगळं त्यात मुरलेलं. मी तो चढवला. म्हशीने बाही हुंगली, बराच वेळ. मग सड भरले. बादलीत धार वाजली तेव्हाही मला काही वाटलं नाही. हात चालू होते एवढंच.

व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं. रोज सकाळी सदरा घालायचा, दूध काढायचं, आंघोळ करून कॉलेज गाठायचं, असं सुरू झालं.

पावसाळा संपता संपता एकदा घाईत सदरा घालायचा राहिला. म्हैस उभी राहिली. दूध दिलं.

आईने ते पाहिलं. खुंटीवरचा सदरा काढून तिने नाकाशी धरला.

"आते तुन्हाच वास येस," ती म्हणाली, आणि सदरा धुण्याच्या बादलीत टाकला.

मला पहिला तास होता. मी निघालो.