शांतवन काका आणि आमची बुधवारची संगती

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. पण कोपरला मेरी मावशींच्या घरी दर बुधवारी आमची प्रार्थनेची संगती भरते. विषय बहुतेक एकच, पापाच्या ताब्यातून सुटून रोजचं जगायचं कसं. आणि माणसं पाप सोडायला एकत्र बसली की किस्से साठतातच.

*

आमच्यात दुसऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करतात. एकदा मेरी मावशी डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, तुझ्या एका सेवकाला रागापासून सोडव. आज सकाळी तो पाण्यावरून शेजाऱ्यांशी भांडला. मी नाव घेत नाही. मिशीवाला."

सगळ्यांनी डोळे उघडून बघितलं. मिशी फक्त पास्टरांना आहे.

पास्टर म्हणाले, "आमेन. पण मावशी, देवाला थोडं कमी सांगत जा."

*

त्याच मावशींनी एका बुधवारी साक्ष दिली. "प्रभूची स्तुती असो. आठवडाभर मी जावेबद्दल एक वाईट शब्द बोलले नाही."

शांतवन काकांनी सहज विचारलं, "बऱ्या आहेत ना त्या?"

"तिला काय धाड भरलीय?" म्हणून मावशी सुरू झाल्या. चहा निवला तरी चालूच. मग मध्येच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बघा. माझ्या जिवावर एवढंच चालतं. प्रभूनेच धरायला पाहिजे."

*

शांतवन काका मानपाड्याच्या एका कंपनीत वेल्डर होते. खूप वर्षं प्यायचे. मागच्या ईस्टरला सोडली, पण मनात भीती होती. म्हणाले, "पास्टर, तुम्ही म्हणता मी सुटलो. मग दारूच्या दुकानासमोर पाय का अडतात?"

पास्टरांनी विचारलं, "तुमचा जुना सुपरवायझर आता भेटला तर काय करता?"

काका ओशाळले. "परवाच भेटला. 'ए शांतवन' म्हणाला, आणि मी हातातली भाजीची पिशवी खाली टाकून सरळ उभा. मला रिटायर होऊन दोन वर्षं झालीत."

आम्ही हसलो. पास्टर म्हणाले, "पाप तसंच आहे. ओरडतं अजून साहेबासारखं. पण तुम्ही आता ख्रिस्ताचे, पापाच्या हाताखाली नाही."

"म्हणजे पिशवी उचलायची आणि चालायला लागायचं?"

"हो. आणि चालताना प्रभूला हाक मारायची. एकट्याने नाही चालायचं."

*

एकदा पास्टरांनी शेवटची प्रार्थना मला करायला सांगितली. मी उभा राहिलो. शेवटी एवढंच निघालं, "प्रभू, तू बघतोसच. आमेन."

बाहेर काकांनी खांद्यावर हात ठेवला. "आज पहिल्यांदा शेवटपर्यंत जागा होतो बघ."

*

काकांच्या मुलीची, एस्तेरची, हळद आंबिवलीला होती. तिने आधीच सांगितलेलं, "पप्पा प्यायलेले दिसले, तर लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये मी तुमच्याऐवजी मामाचा हात धरून जाईन."

संध्याकाळी काकांचा कंपनीतला दोस्त वसंत आला, तो आधीच पिऊन. थोड्या वेळाने बघतो तर दोघंही मांडवात नाहीत. मावशींनी आम्हाला खुर्च्यांच्या मागे नेऊन गुडघ्यावर बसवलं. ढोलकी चालू, आणि आमची प्रार्थना चालू.

बऱ्याच वेळाने काका एकटेच आले. नवीन सदऱ्याला दारूचा वास. मावशी दोन पावलं मागे सरकल्या.

"वश्याला घरी सोडून आलो," काका म्हणाले. "रिक्षात माझ्या अंगावर ओकला."

ही कारणं त्या घराने आधी खूप ऐकलेली.

एस्तेर हळदीच्या अंगानेच उठून आली. काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "उद्या नऊला तयार राहा. हात तुमचाच धरणार. मामाला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंबिवलीला गेलो, आणि मोरीत बसून काकांचा कालचा सदरा धुतला.