दाराआडची कोरफड

सुमे, मी साखरशेत सोडलं त्या सकाळी आईने तुला कातळावर पिटाळून कोरफडीचा एक कोंब आणायला लावला होता, आठवतं? संस्थान विलीन झालं, ह्यांची जव्हारची कचेरी गेली आणि ठाण्याला नेमणूक मिळाली. आईने कोंब फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला. भाजलं-कापलं तर लागेल, एवढंच म्हणाली.

कातळावरची कोरफड कशी, हे तुला सांगायला नको. वीतभर पानं, जाडजूड, टोकांना तांबूस, जमिनीला चिकटून बसलेली. इथे चाळीतल्या खोलीत मी ती डब्यात लावून दाराआड ठेवली आणि भाताच्या रोपांना द्यावं तसं रोज पाणी दिलं. वर्षात पानं हात-हातभर झाली. आपली कोरफड इथे दुप्पट वाढली, असं मी तोऱ्यात कळवलं. पत्र तूच आईला वाचून दाखवलंस. मी स्वतः मात्र नळापलीकडे पाऊल टाकत नव्हते, ते लिहिलं नाही. माझी बोली ऐकून लोक हसतील याची धास्ती होती. आई भेटायला आली की तिच्याबरोबर कायमचं परतायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आई आली, डब्यासमोर बसली. फिकट, लुळी पानं उचलून पाहिली. मी कौतुकाची वाट बघत होते.

"वाढली नाय गो पोरी," ती म्हणाली. "उजेड शोधते ती."

मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला रडू कोसळलं. मला ने, म्हटलं. आठ दिवस आहे मी, मग बघू, म्हणाली.

कोरफड तिने एकदम उन्हात नेली नाही, करपली असती. पाणी तोडलं आणि डबा रोज थोडा पुढे सरकवला. आधी उंबऱ्याशी, मग गॅलरीत, मग कठड्यावर. मलाही तसंच वाण्याकडे, मंडईत, तलावापर्यंत नेलं. भाव मला विचारायला लावून स्वतः मागे उभी राहायची. एक भाजीवाली हसली खरी, पण ती निघाली वाडा तालुक्यातली, आपल्याच बोलीची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आईला हे कुठून सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

जुनी पानं लांबच राहिली, ती काही आखडली नाहीत. मधून नवी आली ती आखूड, जाड, पण तांबूस नव्हेत. मला ती फार आवडतात.

आई एकटीच का परतली, असं तू विचारलं होतंस. एसटीत तिने शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती. "येतंस काय माझ्यासंगं?" तिने विचारलं. मी खालीच खिडकीचा गज धरून उभी राहिले. घंटी वाजली तशी तिनेच पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिथे एका बाईला बसवलं.

गाडी गेल्यावर एका टांगेवाल्याने कुठं सोडू म्हणून विचारलं.

"नको," मी म्हटलं, "घर जवळच आहे."